थोरलं तेच शेंडेफळ

कपाट आवरताना सतरा वर्षांपूर्वीचा माझा केसपेपर सापडला. निळ्या शाईत नाव, वय 36, वजन, रक्तगट. वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं, खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं: 'एल्डरली प्रायमी'. पहिल्या तपासणीच्या दिवशी ती अक्षरं वाचून पोटात खड्डा पडला होता. परवाही पडला.

'प्रायमी' म्हणजे पहिलटकरीण. 'एल्डरली'चा अर्थ सांगायला नको. मराठीतल्या 'पहिलटकरीण' या शब्दाला वय नाही. सोळाची असो की चाळिशीला टेकलेली, पहिली खेप असली की ती पहिलटकरीण, आणि घरदार तिला जपतं. त्या शब्दात काळजी आहे. लाल शाईतल्या शब्दांतही काळजीच होती, हे आज मला कळतं. त्या दिवशी मात्र त्यात एकच गोष्ट ऐकू आली होती: उशीर केलास.

जन्ममृत्यूच्या नोंदींचे तक्ते वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. म्हणून असेल, पण तो कागद घेऊन मी तिथंच खाली बसले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळी लिहिल्या. आजी: पहिलं मूल सतराव्या वर्षी, शेवटचं एक्केचाळिसाव्या, आठ बाळंतपणं, जगली पाच. आई: पहिलं विसाव्या वर्षी, शेवटचं, म्हणजे मी, तिसाव्या. तीन बाळंतपणं, तिन्ही जगलो. मी: छत्तीस, एक. पहिल्या आणि शेवटच्या मुलामधलं अंतर आजीचं चोवीस वर्षं, आईचं दहा, माझं शून्य. माझी लेक घरात थोरली आहे आणि शेंडेफळही तीच.

या विषयावर बोलताना सगळे एकाच आकड्याकडे बघतात, पहिलटकरणीचं वय. ते वाढलं, वाढतंय, कुठं जाऊन थांबणार. माझ्या तीन ओळींतही आधी तोच डोळ्यात भरतो: 17, 20, 36. पण आजीच्या ओळीचं दुसरं टोक बघा. एक्केचाळीस. अडतिसाव्या वर्षीही तिला एक मुलगी झाली होती. मला दिवस गेल्याचं कळल्यावर "फार उशीर केलास गं" असं जिनं कळवळून म्हटलं, ती माझी धाकटी मावशी म्हणजेच ती मुलगी. तिच्या जन्माला कुणी उशीर म्हटलं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी बाईच्या पोटी मूल येणं ही माणसाच्या इतिहासातली अगदी रोजची गोष्ट होती. ते तिचं सहावं-सातवं असायचं एवढंच.

आणि पहिलं मूल उशिरा होणं, तेही फार नवं नाही. 1965 साली जॉन हॅजनल या अभ्यासकानं युरोपच्या नकाशावर एक रेघ दाखवली, लेनिनग्राडपासून ट्रिएस्टेपर्यंत. त्या रेघेच्या पश्चिमेला, कारखाने यायच्या कितीतरी आधीपासून, बायकांची लग्नं चोविशी-सव्विशीत होत, आणि दहातली एक तरी बाई आयुष्यभर बिनलग्नाची राही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बाईचं पहिल्या लग्नाचं सरासरी वय सव्वीसच्या आसपास होतं. म्हणजे पहिलटकरीण साधारण सत्ताविशीची. हे कळलं कसं, तर चर्चच्या नोंदवह्यांतून. बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा तीन वह्यांतली एकाच कुटुंबाची नावं शोधून, जोडून, एकेका घराची वंशावळ उभी करायची. फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी 1950 च्या दशकात ही पद्धत घडवली. यंत्राविना, हातानं, चिठ्ठीला चिठ्ठी लावून केलेलं हे काम आहे. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. कधीच्या मातीत मिसळलेल्या बायकांची वयं त्यांनी परत आणली.

त्या बायकांची मुलं तरी थांबत नसत. सत्ताविसाव्या वर्षी सुरू झालेला पाळणा चाळिशीपर्यंत हलत राही. निसर्ग थांबवेल तेव्हाच थांबायचं. दुसरीकडे मुलं जातही तशीच होती. जन्मलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी मोठी व्हायच्या आतच जायची, हे जगात बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत खरं होतं.

मग सुरुवातीचं नव्हे, शेवटचं टोक आधी हललं. फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच, बाकी युरोपात शे-सव्वाशे वर्षांनी. लग्न नेहमीच्याच वयात, पहिलं मूल नेहमीच्याच वयात, पण चौथ्यानंतर, तिसऱ्यानंतर, दुसऱ्यानंतर थांबायचं. जननदराची, म्हणजे बाईमागे सरासरी किती मुलं या आकड्याची, मोठी घसरण बहुतांशी अशी, शेंडेफळाचं वय खाली येऊन झाली. 1950 च्या सुमारास जगात बाईमागे सरासरी पाच मुलं होती, आज सव्वादोन आहेत. या घसरणीतला मोठा वाटा पहिलटकरणीचा नाहीच. भारत आणि बांगलादेश ही त्याची स्वच्छ उदाहरणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा एकूण जननदर 1992-93 साली 3.4 होता, 2019-21 मध्ये 2.0 आला. या तीस वर्षांत पहिलटकरणीचं वय थोडंसंच सरकलं. विशीच्या सुरुवातीला पहिलं, पाठोपाठ दुसरं आणि पंचविशी-सव्विशीत ऑपरेशन, असा तो प्रवास आहे. चाळिशीला यायच्या आधीच बाईची मुलं शाळा संपवत आलेली असतात. माझी आई या वाटेवर होती, नुसती थोडी पुढं.

विसाव्या शतकाच्या मध्याला पश्चिमेत एक वेगळीच गोष्ट घडली. महायुद्ध संपलं, नोकऱ्या भरपूर, घरं मिळत होती, आणि तिथल्या बायकांनी आपल्या पणज्यांपेक्षाही लवकर लग्नं केली. 1970 साली अमेरिकेत पहिलटकरणीचं सरासरी वय 21.4 होतं. पश्चिम युरोपात तेविशी-चोविशीच्या घरात. हा खड्डा होता, आणि आपण आजही त्या खड्ड्याच्या तळापासून उंची मोजतो. '1970 च्या तुलनेत' असं वाक्य वाचलं की मी थांबते. तेच अंतर 1700 पासून मोजलं असतं तर वाक्य केवढं वेगळं झालं असतं! 2023 साली युरोपीय संघाची सरासरी 29.8 होती, इटलीची 31.8, दक्षिण कोरियाची 33. इंग्लंडच्या जुन्या सत्ताविशीपेक्षा हे जास्त आहेच, ते मी नाकारत नाही. पण तो डोंगर वाटतो तेवढा उंच नाही.

अमेरिकेची सरासरी 2023 पर्यंत 27.5 वर आली. यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त आनंद देते. सरासरी वर जाते ती तिशीतल्या बायका आल्यामुळे, तशीच पंधरा-सोळाच्या मुली त्या तक्त्यातून बाहेर पडल्यामुळेही जाते. 1991 साली अमेरिकेत 15 ते 19 वयाच्या दर हजार मुलींमागे सुमारे 62 बाळंतपणं होत होती. 2023 मध्ये 13. कुणीही काहीही पुढं ढकललं नसतं तरी एवढ्यानंच सरासरी वाढली असती. माझी लेक आता सतरा वर्षांची आहे. तिच्या टेबलावर रसायनशास्त्राची वही उघडी आहे आणि दिवा तसाच चालू ठेवून ती झोपली आहे. आजी या वयात बाळंतीण होती. "मला कळा म्हणजे काय ते माहीतच नव्हतं, मला वाटलं मी मरतेय," असं ती सांगायची आणि सांगताना तिचा हात आपोआप पोटाकडे जायचा, साठीतसुद्धा. पहिलटकरणीचं वय वाढलं याचं दुःख करणाऱ्या माणसाला मी तो हात दाखवू शकत नाही, याची हळहळ वाटते.

आता पस्तीसबद्दल. माझ्या केसपेपरवरची लाल शाई याच आकड्यामुळे उमटली. पस्तिसाव्या वाढदिवसाला शरीरात काही मोडत नाही. ही रेघ घट्ट झाली ती 1970 च्या दशकात, गर्भजल तपासणी सुरू झाल्यावर. सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढायचं तर त्यात गर्भ पडण्याचा धोका त्या काळी साधारण दोनशेत एक धरत. बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता आईच्या वयाबरोबर वाढत जाते, आणि ती या धोक्याएवढी होते साधारण पस्तिशीला. म्हणून पस्तीसच्या पुढं तपासणी सुचवायची, अलीकडे नाही. एका तपासणीचा हिशेब होता तो. पुढं तो बाईच्या आयुष्याचा हिशेब होऊन बसला.

तरी जे खरं आहे ते खरं आहे. डाउन सिंड्रोमची शक्यता पस्तिशीला साडेतीनशेत एक, तर चाळिशीला शंभरात एक. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख बीजांडं असतात, वयात येईतो तीन-चार लाख उरतात, आणि त्यात पुढं भर पडत नाही. 1978 साली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली तेव्हापासून विज्ञानानं पुष्कळ केलं, पण बाईच्या स्वतःच्या बीजांडाचं वय अजून कुणाला कमी करता आलेलं नाही. मला एकोणतिसाव्या वर्षी कायमची नोकरी लागली, एकतिसाव्या वर्षी लग्न झालं. तेहेतिसाव्या वर्षी नवव्या आठवड्यात एक गर्भ गेला, पस्तिसाव्या वर्षी अकराव्या आठवड्यात दुसरा. त्या दोन्ही वेळी मी तक्त्यांतली टक्केवारी पाठ म्हणत छताकडे बघत पडले होते. टक्केवारी अगदी बरोबर होती.

जननदराचा जो आकडा दर वर्षी बातमीत येतो, त्यात 'किती' आणि 'केव्हा' या दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक साधा हिशेब सांगते. समजा दर वर्षी एका वयाच्या बायका पहिलटकरणी होतात. दहा वर्षांत पहिलटकरणीचं वय सावकाश एक वर्षानं वाढलं. मुलं कुणीच कमी केली नाहीत. तरीही जी बाळं दहा वर्षांत जन्मायची ती आता अकरा वर्षांत पसरतात. त्या काळात दर वर्षीचा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास खाली दिसतो, आणि 'बायकांना मुलं नकोत' अशी हाकाटी सुरू होते. जॉन बोंगार्ट्स आणि ग्रिफिथ फीनी यांनी 1998 साली हे गणितात नीट बसवून दाखवलं. स्वीडनचा वार्षिक दर 1990 च्या सुमारास 2.1 वर चढला आणि त्याच दशकाच्या अखेरीला दीडवर आला. एवढी उलथापालथ होऊनही तिथल्या 1950-60 च्या दशकांत जन्मलेल्या बायकांची आयुष्यभराची मुलं मोजली तर साधारण दोनच भरतात.

याहून ठसठशीत उदाहरण 1966 चं. जपानी पंचांगात साठ वर्षांनी एकदा 'हिनोएउमा' येतं, अग्नी-अश्वाचं वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी जहाल निघते, नवऱ्याला भोवते, अशी समजूत. 1965 साली जपानमध्ये 18.2 लाख बाळं जन्मली होती, 1966 साली 13.6 लाख, आणि 1967 साली 19.4 लाख. एका समजुतीपायी जवळजवळ पंचवीस टक्के जन्म त्या वर्षाच्या बाहेर ढकलले गेले. 2026 हे पुन्हा तेच वर्ष. 1966 चा एकूण जननदर 1.58 होता. 1989 साली तो 1.57 झाला, या वेळी कोणत्याही घोड्याशिवाय, आणि तो आकडा जाहीर झाला तेव्हा देश हादरला. '1.57 चा धक्का' असं त्याला तिथं अजून म्हणतात.

त्याच 1966 च्या ऑक्टोबरात रोमानियात 'डिक्री 770' हा सरकारी हुकूम निघाला. पंचेचाळिशीच्या आतल्या आणि चारपेक्षा कमी मुलं असलेल्या बाईला गर्भपात बंद. जननदर एका वर्षात 1.9 वरून 3.7 वर गेला. सरकारला हवा तसा आकडा मिळाला. काही वर्षांत बायकांनी वाटा शोधल्या, आकडा उतरला, आणि त्या वाटांवर हजारो बायका मेल्या. बाळंतपणाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण युरोपात सर्वाधिक तिथं होतं. 1989 च्या डिसेंबरात राजवट कोसळली तेव्हा नव्या सरकारनं पहिल्या काही दिवसांतच हा हुकूम रद्द केला. जननदर 'वाढवायला हवा' असं कुणी सहज म्हणालं की मला 1967 चा तो उंच सुळका दिसतो.

आमच्या घरातही 1966 चीच गोष्ट आहे. ती शेवटी सांगते.

पुढं ढकललेलं सगळंच पुढं येतं असंही नाही. दक्षिण कोरियात 1960 साली बाईमागे सहा मुलं होती, 2023 साली 0.72. यातला काही भाग 'केव्हा'चा आहे, पण बराचसा 'किती'चा. अनेक देशांतल्या पाहण्यांत बायका आणि पुरुष अजूनही 'दोन मुलं हवीत' असंच सांगतात, आणि होतात त्याहून कमी. मधली तफावत तक्त्यात एका रेघेची असते. माझ्यापुरतं सांगायचं तर लेक दोन वर्षांची झाल्यावर आम्ही दुसऱ्यासाठी चाळिशीपर्यंत थांबलो. मग डॉक्टर बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता आहे तिच्याकडे बघूया." मला दुसरं नको होतं असं कुठल्याही रकान्यात लिहिलं तर ते खोटं ठरेल.

रकान्यांचंही एक असतं. विचारलं जातं तेवढंच कळतं. इंग्लंडमध्ये 2012 पर्यंत जन्मनोंदणीच्या वेळी 'आधीची मुलं किती' हे फक्त विवाहित आईला विचारत, आणि लग्नाबाहेर झालेली मुलं त्यात धरत नसत. म्हणजे एवढ्या जुन्या, शिस्तीच्या नोंदींतही खरी पहिलटकरीण कोण हे अंदाजानंच काढावं लागे. वडिलांचं वय तर जगात कितीतरी ठिकाणी नीट मांडलंच जात नाही. पहिलटकराचं सरासरी वय किती, ही बातमी तुम्ही कधी वाचलीत? तसा शब्दही आपल्याकडे नाही.

आता 1966. त्या वर्षी माझी आई चोवीस वर्षांची होती आणि दादाच्या वेळी माहेरी आली होती. आजी एक्केचाळीस वर्षांची, आणि तीही गरोदर. मायलेकी एकाच घरात, एकमेकींच्या आधारानं उठत-बसत. आजी आधी बाळंत झाली, मामा झाला. तीन आठवड्यांनी दादा. आजीला ताप भरला तो उतरेना, दूध आटलं. मग आईनं मामाला आणि दादाला, दोघांनाही अंगावर पाजलं. एक झोपला की दुसरा. आजी बरी व्हायला दोन महिने गेले आणि तोवर मामाला आईच्या अंगाचा वास ओळखीचा झाला होता. बोलायला लागला तेव्हा तो दादाचं ऐकून तिला 'आई' म्हणायचा. मोठेपणी 'ताई' म्हणायला लागला. 1992 मध्ये आजी गेली तेव्हा मामा अवघा सव्वीस वर्षांचा होता. "मला आई कधी काळ्या केसांची आठवतच नाही," असं तो एकदा म्हणाला होता.

माझी लेक सव्वीसची होईल तेव्हा मी बासष्टची असेन. हा हिशेब मी तिच्या जन्मापासून करत आले आहे. उशिरा झालेल्या मुलाला आई थोडी कमी मिळते, हे आजीच्या काळीही होतं. पण तेव्हा त्या मुलाच्या वर चोवीस वर्षांची ताई असायची, पंधरा वर्षांचा भाऊ असायचा. शेंडेफळ कुणाच्या तरी कडेवर वाढायचं. लेकीच्या वर कुणी नाही. लाल शाईत लिहायचंच होतं तर ते हे होतं.

गेल्या पावसाळ्यात आई न्यूमोनियानं आठ दिवस दवाखान्यात होती. त्र्याऐंशी वर्षांची. दादा परदेशी, मी दिवसा, रात्री मामा. पहिल्या रात्री मी पोहोचले तोवर भरतीचा अर्ज त्यानंच भरला होता. मी सही करायला हातात घेतला. रुग्णाचं नाव, वय, सोबत असलेल्या व्यक्तीचं नाव. 'रुग्णाशी नातं' या रकान्यात त्याच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: मुलगा.

मी खाली सही केली.